पुण्याच्या हवेत घरच्या खाऱ्या टाकीतली ॲनिमोनी आणि क्लाऊनफिश

निळाई (कर्वेनगर)

नमस्कार मंडळी,

मार्च संपत आला की खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्या पुणेकरांचे प्रश्न दरवर्षी त्याच वळणाने येऊ लागतात. पाणी २९ अंशांवर गेले, ॲनिमोनी (फुलासारखा दिसणारा, दंश करणारा सागरी प्राणी) आक्रसून बसली आहे, मासे पृष्ठभागाजवळ येऊन धापा टाकत आहेत, आता काय करावे? प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एका जागी सविस्तर लिहावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. क्लाऊनफिश, म्हणजे ॲनिमोनीत आसरा घेणारा लहान मासा, आणि ॲनिमोनी या जोडीत खरी काळजी घ्यावी लागते ती ॲनिमोनीची. हॅचरीत (माशांच्या पैदास केंद्रात) जन्मलेला ओसेलारिस जातीचा क्लाऊनफिश चिवट असतो. त्याला घरच्या टाकीत जगण्यासाठी, जोडी जमवण्यासाठी किंवा अंडी घालण्यासाठीसुद्धा ॲनिमोनी लागत नाही. समुद्रात त्याला भक्षकांपासून आसरा हवा असतो, टाकीत भक्षकच नसतात. उलट ॲनिमोनीला प्रखर प्रकाश, स्थिर क्षारता, स्थिर तापमान आणि मुरलेली टाकी लागते, आणि यातले एक जरी बिघडले तरी ती हळूहळू खंगत जाते. शिवाय नीट सांभाळली तर ती कित्येक दशके जगू शकते. तेव्हा ‘माशाला सोबत’ म्हणून ती आणू नये. तिच्यासाठी टाकी तयार झाली असेल, तरच आणावी.

आता पुण्याच्या उन्हाळ्याकडे वळते. ॲनिमोनीसाठी २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान उत्तम, आणि दिवसरात्रीतला फरक एका अंशाच्या आत राहिला तर अधिकच उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी बाहेर ३८ ते ४० अंश असतात, घरात ३२-३३, आणि टाकीत दिवे व पंप यांची उष्णता आणखी मिळते. पाणी ३० अंशांच्या वर राहू लागले की एकीकडे त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि दुसरीकडे ॲनिमोनीच्या शरीरात राहणारी, तिला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बिघडू लागतात. ती शैवाले बाहेर टाकली गेली की ॲनिमोनी पांढरी पडते. ती लगेच मरत नाही, परंतु तिचा मुख्य अन्नपुरवठा तुटलेला असतो.

सुदैवाने पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात साधा पंखा फार मोठे काम करतो. टाकीच्या अथवा संपच्या (टाकीखालच्या जोडटाकीच्या) पृष्ठभागावर तिरका वारा सोडला की पाण्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. हिशेबच करायचा तर एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेते; २०० लिटरच्या टाकीच्या दृष्टीने ही जवळपास ३ अंशांची घट झाली. अर्थात दिवसभर बाहेरून उष्णता आत येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडून तापमान दोन-तीन अंशांनी खाली राहते. मुंबईकरांना दमट हवेमुळे हा लाभ आपल्याइतका मिळत नाही.

मात्र पाणी उडते, मीठ उडत नाही. २०० लिटरमधून चार लिटर उडाले आणि भरले नाहीत, तर क्षारता (दर हजार भागांतले मिठाचे प्रमाण) ३५ वरून ३५.७ वर जाते. दुसऱ्या दिवशी आणखी वर. म्हणून पंखा लावणाऱ्याने गोडे शुद्ध पाणी आपोआप भरणारी यंत्रणा, म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, त्याच दिवशी लावावी असे मी आग्रहाने सांगेन. भरायचे ते गोडेच पाणी, मिठाचे कदापि नाही. रोज संध्याकाळी एकदम बादलीभर ओतणे हा त्याला पर्याय नव्हे, कारण ॲनिमोनीच्या ऊती क्षारतेच्या हेलकाव्याला माशापेक्षा कितीतरी लवकर प्रतिसाद देतात.

सर्वांत धोक्याचे दिवस ऐन मे महिन्यातले नसून मेअखेर ते मृग नक्षत्राच्या आसपासचे असतात, याकडे अनेकांचे लक्ष नसते. हवा तापलेलीच असते, परंतु वळवाच्या सरींनंतर ती दमट होते, बाष्पीभवन मंदावते आणि तोच पंखा त्याच वेगाने फिरत असूनही पाणी वर चढते. शिवाय याच दिवसांत वादळी पावसाने वीज जाते. गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या, काही तासांपुरता वातानुकूलक किंवा चिलर (टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र), यांपैकी एक तजवीज या पंधरवड्यासाठी हाताशी असावीच.

हिवाळ्याचे थोडक्यात सांगते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांजवळ उतरतो, तेव्हा हीटर लागतो. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर आणि स्वतंत्र नियंत्रक ठेवावा. एक हीटर ‘चालू’ स्थितीत अडकला तरी टाकी उकळत नाही. हीटरला जाळीचे आवरण हवे, कारण ॲनिमोनी फिरत फिरत त्यावर जाऊन बसते आणि भाजते.

कोथरूडकर

अतिशय उपयुक्त धागा. माझी टाकी १८० लिटरची असून तिला दोन महिने झाले आहेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहे, नायट्रेट १० च्या आसपास आहे. दोन ओसेलारिस आहेत. त्यांतला मोठा मासा दिवसभर पंपाच्या कोपऱ्यात अंग घासत असतो, म्हणून त्याला ॲनिमोनी हवी असावी असे घरच्यांचे मत पडले. एका दुकानात पांढरीशुभ्र, टोके जांभळी असलेली सुंदर ॲनिमोनी पाहिली, दुकानदार ती ‘सेबे’ जातीची म्हणाला. घ्यावी का?

निळाई (कर्वेनगर)

कोथरूडकर, कृपया ती घेऊ नका. सेबे ॲनिमोनीचा निरोगी रंग तपकिरी, बदामी किंवा किंचित हिरवट असतो. पांढरीशुभ्र दिसते ती शैवाले गमावलेली, म्हणजे उपाशी असलेली. सौंदर्य वाटते ते आजारपण आहे. पिवळ्या किंवा गुलाबी भडक रंगाच्या मिळतात त्या तर रंगात बुडवलेल्या असतात. अशी ॲनिमोनी सावरणे अनुभवी माणसालाही कठीण जाते, दोन महिन्यांच्या टाकीत तिला फारशी आशा नसते.

दोन महिन्यांत नायट्रोजनचक्र पूर्ण होते, म्हणजे विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाढतात, पण तेवढ्याने टाकी मुरत नाही. दगडांवर आणि वाळूत जिवाणूंचे व सूक्ष्मजीवांचे थर बसायला, शैवालांचे आलटूनपालटून येणारे उद्रेक शमायला आणि मुख्य म्हणजे तुमच्या चाचण्यांचे आकडे आठवड्यामागून आठवडे जवळपास सारखे यायला वेळ लागतो. सहा महिन्यांपूर्वी ॲनिमोनी आणू नये हा नियम मी काटेकोर पाळण्याच्या मताची आहे. तोवर क्षारता ३५ (घनता १.०२६), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) ८ ते ९.५ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० हे आकडे स्थिर राखण्याचा सराव करावा. नायट्रेट पूर्ण शून्यावर आणायची गरज नाही. २ ते १० च्या दरम्यान ॲनिमोनी खूश असते, कारण शैवालांनाही थोडे पोषण लागते.

मासा पंपाशी अंग घासतो याची काळजी नको. क्लाऊनफिशला स्वतःची एक जागा ठरवून तिथे वावरायची सवय असते. एक छोटी मातीची कुंडी आडवी ठेवून पाहा. पुष्कळ जोड्या तिलाच घर मानतात आणि पुढे तिच्या आतल्या भिंतीवर अंडीही घालतात. अंग घासणे म्हणजे दगडांवर झटका देऊन खाजवणे असेल, आणि श्वास जलद असेल, तर मात्र परजीवींची शंका घ्यावी.

पुढे आणायचीच असेल तर बबल टिप ॲनिमोनी आणा. समुद्रात ओसेलारिस प्रामुख्याने मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्साय या तीन जातींच्या ॲनिमोनीत राहतो, बबल टिपमध्ये राहत नाही. पण या तिन्ही आकाराने प्रचंड होतात, फार तीव्र प्रकाश मागतात आणि घरच्या टाकीत टिकवायला अत्यंत अवघड असतात. टाकीतले ओसेलारिस बबल टिप सहसा स्वीकारतात. कधी पहिल्या तासात, कधी कित्येक महिन्यांनी, आणि क्वचित कधीच नाही. घाई करून माशाला तिच्याकडे ढकलू नये.

दुकानात पाहताना ॲनिमोनीचे तोंड घट्ट मिटलेले आहे का, पाय (ज्या तळाने ती चिकटते तो भाग) कुठे फाटलेला नाही ना, आणि शुंडके (तिचे बोटांसारखे लवचीक अवयव) बोटाला चिकटतात का, एवढे तीन मुद्दे तरी तपासा. पाय फाटलेली ॲनिमोनी बहुधा काचेवरून खरवडून काढलेली असते. शक्यतो अशी घ्या जी कुणाच्या तरी टाकीत दुभागून झालेली आहे. ती टाकीच्या जीवनाला सरावलेली असते, आणि तिच्यासाठी समुद्रातून काही ओरबाडावे लागलेले नसते.

वाघोलीकर

आमच्या सोसायटीत निम्मे पाणी बोअरचे, निम्मे टँकरचे. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांच्या) मापकावर कधी ६००, कधी ९०० दिसते. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रातले पाणी ७० दाखवते. ते टाकीला चालेल का? दगडांवर सतत तपकिरी थर येतो आहे.

रसायनवाला (औंध)

वाघोलीकर, तुमचा तपकिरी थर आणि तो ७० चा आकडा यांचा संबंध असण्याची दाट शक्यता आहे. पिण्याच्या आरओ यंत्रांत चव राखण्यासाठी मूळ पाण्याचा काही भाग पुन्हा मिसळणारा झडपेचा मार्ग किंवा खनिजे घालणारे काडतूस असते. माणसासाठी ते योग्य आहे, पण टाकीसाठी त्याचा अर्थ असा की सिलिकेट, नायट्रेट आणि जे काही बोअरच्या पाण्यात असेल ते थोडे थोडे रोज आत जाते. वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी तेच पाणी भरत राहिलात की ते साठत जाते, कारण वाफेबरोबर यातले काहीच बाहेर पडत नाही. निळाई यांनी सांगितलेला दिवसाला चार-पाच लिटरचा हिशेब इथेच महत्त्वाचा ठरतो.

टाकीसाठी आरओ नंतर डीआय रेझिनचे (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचे) भांडे असलेली स्वतंत्र यंत्रणा घ्या आणि शेवटी मापक शून्य दाखवतो आहे याची खात्री करा. आरओतले चांगले मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते. म्हणजे ९०० चे पाणी मेम्ब्रेननंतरही १८ ते ४५ वर असते, आणि उरलेले सारे रेझिनवर पडते. खडकवासल्याचे धरणाचे पाणी त्या मानाने मृदू असल्यामुळे शहरात रेझिन बराच काळ टिकते. बसाल्टच्या खडकातून येणाऱ्या कठीण बोअरच्या पाण्यावर ते झपाट्याने संपते. तुमच्याकडे आधी सॉफ्टनर किंवा मागेपुढे दोन मेम्ब्रेन लावल्यास खर्च वाचेल. महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन असते, त्यासाठी आधी कार्बनचे काडतूस हवेच, नाहीतर मेम्ब्रेनच खराब होते. आणखी एक काळजी: गिझरमधून आलेले किंवा पितळी तोट्यांत रात्रभर साचलेले पाणी भरू नका. तांब्याचा अंश माशाला सोसतो, ॲनिमोनीला सोसत नाही.

मीठ कालवताना ते आधीच्या दिवशी कालवून पंपाने ढवळत ठेवावे आणि तापमान जुळवूनच टाकीत घालावे. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजणारे उपकरण) केवळ शुद्ध पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर तपासा. पावसाळ्यात मिठाची पिशवी उघडी राहिली तर ती ओलावा शोषते, गठ्ठे होतात आणि वजनाचा हिशेब चुकतो.

किनारा (प्राणिशास्त्राचा अध्यापक)

धागा वाचून आनंद झाला. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, या सहजीवनाविषयी. ॲनिमोनीच्या शुंडकांवर असंख्य दंशपेशी असतात. स्पर्शाने आणि रासायनिक खुणांनी त्या फुटतात आणि सूक्ष्म भाल्यासारखा तंतू बाहेर फेकतात. क्लाऊनफिशच्या अंगावरचा श्लेष्म (बुळबुळीत थर) या पेशींना चेतवत नाही, म्हणून तो त्यांत वावरतो. नव्या ॲनिमोनीकडे जाताना मात्र तो एकदम झेपावत नाही. आधी शेपटीचा, मग पोटाकडच्या परांचा ओझरता स्पर्श करतो, मागे सरतो, पुन्हा येतो. मासा अशी ये-जा करताना दिसला तर त्याला एकांत द्यावा; दिवे लावून, काचेवर टकटक करून पाहत बसू नये. देवघेव दोन्ही बाजूंनी असते. माशाच्या उत्सर्जनातला अमोनिया ॲनिमोनीतल्या शैवालांना खत म्हणून मिळतो, आणि रात्री मासा तिच्यात सतत पंख हलवत राहतो त्यामुळे तिच्याभोवतीचे पाणी खेळते राहून प्राणवायू मिळतो. लहान ॲनिमोनी आणि मोठी मादी अशी जोडी मात्र टाळावी. मादी तिला इतकी घुसळते की ती फुलतच नाही. ॲनिमोनीचा फुललेला व्यास माशाच्या लांबीच्या निदान दोन-तीन पट असावा असे माझे मत आहे.

दुसरी, कायद्याविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली २००१ सालापासून कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. समुद्रातून काढलेल्या ‘लाइव्ह रॉक’मध्ये, म्हणजे सजीवांसकट विकल्या जाणाऱ्या दगडात, प्रवाळांचे सांगाडे आणि अनेकदा जिवंत प्रवाळही असतात, म्हणून तो घेऊ नये. कोरडा कृत्रिम दगड घेऊन त्यावर जिवाणू वाढू देणे हाच सरळ मार्ग. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालचे आहे. कोकणात सुट्टीला गेल्यावर ओहोटीच्या डबक्यांतून ‘एखादीच’ ॲनिमोनी बाटलीत आणणारे महाभाग मी पाहिले आहेत. किनाऱ्यावरच्या बहुतेक ॲनिमोनी क्लाऊनफिशच्या उपयोगाच्याही नसतात. जगभरात हजारावर जातींच्या ॲनिमोनी आहेत, त्यांतल्या अवघ्या दहाएक जाती क्लाऊनफिशला आसरा देतात. मासे घेतानाही हॅचरीतलेच मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरलेले नाही.

चिलरवाला

निळाई यांच्या पंख्याविषयीच्या उत्साहाशी मी पूर्ण सहमत नाही. हिंजवडीत नोकरी करणारे दोघेही सकाळी घर बंद करून जातात ते रात्री येतात. खिडक्या बंद असलेल्या खोलीत टाकीतूनच उडालेल्या वाफेने हवा दमट होते आणि दुपारनंतर पंख्याचा परिणाम घटतो. टॉप-ऑफचा फ्लोट अडकला तर एक तर क्षारता चढते किंवा टाकीत गोड्या पाण्याचा लोंढा येतो. ज्याने ॲनिमोनीवर खर्च केला आहे त्याने चिलरवरही करावा.

निळाई (कर्वेनगर)

चिलरवाला, बंद घराचा मुद्दा रास्त आहे आणि तो मी लिहायला हवा तितका ठळक लिहिला गेला नाही, म्हणून आभार. पंख्यासाठी हवा खेळती असणे ही अटच आहे. खिडकीचे एक दार उघडे आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन मंद वेगात चालू, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी चिलर घ्यावा हे मान्य. फक्त चिलर टाकीखालच्या बंद कपाटात ठेवू नये. तो पाण्यातली उष्णता त्याच कपाटात सोडतो, तीच पुन्हा शोषतो आणि वीज खात बसतो. फ्लोट मात्र दोन लावावेत, एक नेहमीचा आणि एक वरच्या पातळीवर पंप तोडणारा, आणि गोड्या पाण्याचा साठा मर्यादित आकाराच्याच डब्यात ठेवावा, म्हणजे सगळा ओतला गेला तरी क्षारता सोसण्याइतकीच उतरेल.

एसपीचा_विद्यार्थी

ताई, मदत हवी आहे. माझ्या मोठ्या भावाच्या टाकीत मागच्या आठवड्यात बबल टिप आणली. आल्यापासून ती एका जागी बसत नाही. रात्री काचेवर, सकाळी दगडामागे. आज दुपारी ती पूर्ण आक्रसून तोंडातून तपकिरी धागे टाकत होती. संध्याकाळी पुन्हा फुगली. तापमान २६.५, क्षारता ३५, अमोनिया शून्य. ती मरते आहे का? भाऊ रोज कोळंबीचा मोठा तुकडा देतो.

निळाई (कर्वेनगर)

तुझ्या आकड्यांवरून आणि वर्णनावरून ती मरत नाहीये, तेव्हा आधी धीर धर. दिवसातून एखादे वेळी आक्रसून तपकिरी धागे टाकणे ही तिची विष्ठा आणि जुनी शैवाले बाहेर टाकण्याची रीत आहे. पुन्हा पूर्ण फुगली, तोंड मिटले, शुंडके चिकट राहिले, म्हणजे ठीक. चिंतेची लक्षणे वेगळी असतात: तोंड तासन्‌तास उघडे राहून आतला भाग बाहेर लोंबणे, पाय सुटून प्रवाहात वाहत जाणे, अंगाचे लिबलिबीत तुकडे पडणे आणि कुजका वास. असे दिसले तर वाट न पाहता तिला बाहेर काढावे, कारण ती विरघळली की एका रात्रीत पाण्यात अमोनिया चढतो आणि माशांवर बेतते.

ती फिरते आहे ती जागेच्या शोधात. बबल टिपला पाय खोवायला खोल फट लागते आणि त्या फटीतून डोके प्रकाशात काढता यायला हवे. सपाट दगडांची उतरंड असेल तर तिला बसायला जागाच मिळत नाही. दोन दगडांमध्ये एक खोलगट भेग, प्रवाह मध्यम आणि उलटसुलट, अशी जागा करून द्या आणि मग तिला हात लावू नका. प्रकाश तिच्या आधीच्या टाकीपेक्षा अचानक जास्त असेल तर तीव्रता निम्म्यावर आणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

आजच करायचे काम निराळेच आहे. प्रत्येक पंपाच्या शोषणमुखावर जाड स्पंज किंवा जाळी बसवा. फिरती ॲनिमोनी पंपात ओढली जाऊन चिरडणे हे टाकीतल्या ॲनिमोनीच्या मृत्यूचे अगदी नेहमीचे कारण आहे, आणि तिच्यासोबत उरलेली टाकीही जाते.

खाण्याचे म्हणशील तर रोजचा मोठा तुकडा बंद करा. मोठा तुकडा ती रात्री अर्धवट पचवून ओकते आणि पाणी बिघडते. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, तिच्या तोंडाहून लहान असा तुकडा पुरे. मी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून ताजी कोळंबी आणते, साल आणि काळा धागा काढून, शुद्ध पाण्यात धुऊन, नखाएवढे तुकडे करून गोठवते आणि लागेल तसा एकेक तुकडा टाकीच्या थोड्या पाण्यात वितळू देते. चिमट्याने शुंडकांना टेकवला की ती हळूच वळवून तोंडाकडे नेते. पहिल्या आठवड्यात तर काहीही दिले नाही तरी चालते. प्रकाशावर तिचे भागते.

सिंहगडरोडकर

रोग आणि वीज या दोन विषयांवर लिहितो.

नवा क्लाऊनफिश किमान चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावा. समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनफिशमध्ये ब्रुकलिनेला हा परजीवी वारंवार आढळतो; अंगावरचा श्लेष्म पापुद्र्यासारखा सुटतो, श्वास जलद होतो आणि मासा एक-दोन दिवसांत जातो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याहून सावकाश, पण टाकीत ठाण मांडणारा आहे. ॲनिमोनी असलेल्या टाकीत या दोन्हींवर औषध घालण्याची सोयच उरत नाही, कारण पांढऱ्या ठिपक्यांवर चालणारे तांबे ॲनिमोनीला मारते. म्हणून सर्व उपचार वेगळ्या टाकीत, आणि मुख्य टाकी माशांविना ७६ दिवस रिकामी ठेवणे, हाच हौशी मंडळींचा सर्वमान्य उपाय आहे. ॲनिमोनीवर हा परजीवी जगत नाही, पण तिच्यासोबतच्या पाण्यातून आणि दगडातून तो येऊ शकतो, त्यामुळे नवी ॲनिमोनीही दुकानातल्या पाण्यासकट टाकीत ओतू नये.

वीज जाते तेव्हा पहिला प्रश्न तापमानाचा नसून प्राणवायूचा असतो. आपल्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते हे गृहीत धरून आखणी करावी. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक प्रवाह-पंप ठेवावा; १५-२० वॉटचा पंप १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर एक दिवसाहून अधिक चालतो. दिवे, स्किमर (फेसाने घाण काढणारे यंत्र), हीटर यांपैकी काहीही त्यावर नको. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा, अन्यथा एसी मोटारी घुरघुरतात आणि तापतात. आणि गुरुवारी सकाळी माशांना खाऊ घालू नये. पोट भरलेला मासा जास्त प्राणवायू वापरतो.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. पांढरी ॲनिमोनी घेण्याचा विचार सोडला, कुंडी ठेवली आणि मोठा मासा खरोखरच तिच्यात जाऊन बसतो आहे. आता एकच शंका. लहान मासा मोठ्यासमोर अंग तिरके करून थरथरतो, हे आजाराचे लक्षण आहे का?

किनारा (प्राणिशास्त्राचा अध्यापक)

नाही, ती शरणागतीची खूण आहे आणि जोडी जमत असल्याचे चिन्ह आहे. सर्व क्लाऊनफिश आधी नर म्हणून प्रौढ होतात. गटातला सर्वांत मोठा आणि वरचढ मासा मादी बनतो आणि ती गेली तर तिच्या खालचा नर मादी होतो. हा बदल उलट फिरत नाही. म्हणून दोन पूर्ण वाढलेले मोठे मासे एकत्र आणू नयेत, त्या दोन माद्या असल्या तर एकमेकींना जगू देणार नाहीत. तुमच्याकडे आकारात फरक आहे, ते उत्तम झाले. अंडी घातली तर नर त्यांना पंखांनी वारा घालील आणि आठवडाभरात, रात्री अंधार झाल्यावर, ती फुटतील.

निळाई (कर्वेनगर)

कोथरूडकर, माझ्या टाकीतल्या बबल टिपने मागे दोनदा दुभागून घेतले आहे आणि अजून एक भाग देण्याजोगा होईल असे दिसते. तुमच्या टाकीला सहा महिने झाले, क्षारता आणि अल्कलिनिटीच्या नोंदी सलग महिनाभर इथे टाकल्यात आणि पंपांवर जाळ्या बसवल्याचे छायाचित्र दाखवलेत, की ती तुम्हाला देईन, पैसे नकोत. नेताना पाच लिटरचा झाकणाचा डबा आणि थर्माकोलची पेटी आणा, आणि शक्यतो पावसाळा सुरू झाल्यावर या, मे महिन्यात ती हलवायची नाही.